फुटपाथ नवा झाला, कडुनिंब पडला : मुळांच्या कत्तलीची नोंद कोण ठेवणार?

आमच्या वस्तीतल्या विहारासमोरचा कडुनिंब मागच्या जूनमध्ये एका रात्री पडला. विहाराच्या कंपाउंडची भिंत गेली आणि भिंतीला टेकून असलेली चप्पल दुरुस्तीची टपरी चेपली गेली. रात्रीचे दोन वाजले होते म्हणून कोणी माणूस खाली सापडला नाही. दिवसा याच झाडाखाली टपरीवाले काका बसतात, भाजीवाल्या मावशी पाट्या मांडतात आणि सकाळी सात ते नऊ नाका कामगार उभे असतात. पंचनाम्यात कारण लिहिले गेले : वादळी वारा व पाऊस.

सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. झाड मुळासकट उपटून पूर्वेला, म्हणजे विहाराच्या बाजूला आडवे झाले होते. पूर्वेकडची मुळे मातीसकट तुटलेली, पांढरी, ताजी. पश्चिमेकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, मुळेच नव्हती. होते ते एका सरळ रेषेत ओरबाडून तोडलेले खुंट, टोके काळी पडून कुजलेली. ती रेषा फुटपाथच्या कडेच्या दगडांशी अगदी समांतर होती.

मग अभ्यासिकेतल्या एका मुलाला जुने फोटो आठवले. तीन वर्षांपूर्वी, १४ एप्रिलच्या आदल्या आठवड्यात आम्ही कमान उभी करत होतो आणि पोरांनी कमानीसोबत सेल्फी काढले होते. त्या फोटोंत मागे जेसीबी दिसतो, कमरेइतका खोल चर दिसतो आणि चराच्या कडेला मनगटाएवढ्या, काही मांडीएवढ्या जाड मुळांचा ढीग दिसतो. आम्ही तिथेच उभे होतो. आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकीचे दिसले नव्हते. उलट नवा फुटपाथ जयंतीच्या आत व्हावा म्हणून आम्हीच पाठपुरावा करत होतो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही यंत्रणेवर बरेच बोलणार आहोत.

झाडे तोडण्याविरुद्धचा लढा म्हटले की आपल्याला आरे आठवते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडे कापली गेली, मुलामुलींना अटक झाली, सगळ्या देशाने ते पाहिले. तिथे करवत दिसत होती. फुटपाथवरच्या झाडाच्या बाबतीत करवत दिसत नाही. कोणी झाड तोडत नाही, परवानगी मागत नाही, हरकती मागवल्या जात नाहीत. गटाराचा चर जातो, केबलचा चर जातो, कर्बस्टोनसाठी पाया खणला जातो, वरून काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक येतात. झाड उभेच राहते. दोन-चार वर्षांनी ते शेंड्याकडून वाळू लागते किंवा एखाद्या पावसात पडते. तोवर कंत्राटदाराचे बिल निघून अनामत रक्कमही परत गेलेली असते.

जमिनीखाली नेमके काय असते?

आपल्या डोक्यात झाडाचे चित्र असे असते की वर जेवढा पसारा तेवढीच खोल मुळे खाली. शाळेच्या पुस्तकात सोटमूळ काढलेले असते, तेच चित्र मनात बसते. शहरातल्या मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी आहे. पाणी आणि हवा दोन्ही मिळतात ती जागा म्हणजे जमिनीचा वरचा दीड-दोन फुटांचा थर, आणि झाडाची बहुतेक मुळे त्या थरातच पसरलेली असतात. आडवी, पानांच्या छत्रीच्याही पलीकडे जाणारी. पाणी शोषणारी बारीक मुळे तर त्याहून वर, पहिल्या फुटातच जास्त. म्हणजे फुटपाथ बांधताना जो थर उकरून फेकला जातो, नेमका तोच थर झाडाचे पोट असतो.

मुळांची कामे दोन. बारीक मुळे अन्नपाणी आणतात, खोडाजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. वारा पश्चिमेकडून आला की पश्चिमेची मुळे दोरखंडासारखी ताणली जातात आणि झाडाला पडू देत नाहीत. तंबूची एका बाजूची दोरी कापा आणि त्याच बाजूने वारा येऊ द्या. आमच्या कडुनिंबाचे हेच झाले. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेचाच, आणि चर पश्चिमेलाच खणलेला.

खणण्याखेरीज आणखी तीन मार्गांनी झाड मारले जाते आणि हे मार्ग तर कोणाच्याच लक्षात येत नाहीत. पहिला, बुंध्याभोवती भराव टाकून फुटपाथची पातळी वाढवणे. खोडाचा जो भाग उघड्या हवेत असायला हवा तो मातीत आणि सिमेंटमध्ये जातो, ओल धरतो, सडतो. दुसरा, रोलर आणि डंपर मुळांवरून फिरवणे. माती दबून तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात. मुळांनाही प्राणवायू लागतो, तो मिळत नाही. तिसरा, बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतणे. पावसाचे पाणी आत शिरत नाही, वर खोड वाढायला जागा नाही, आणि सिमेंटचे पाणी मातीला अल्कधर्मी करते ते वेगळेच. खोड वाढत जाते आणि काँक्रीटची कडा सालीत रुतत जाते. तुमच्या रस्त्यावर असे एक तरी झाड असेल, जाऊन बघा.

आता मोजमाप. ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी एक प्रमाणित पद्धत वापरतात : खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानायचे. त्यात खोदकाम, भराव, सामान साठवणे, गाड्या नेणे, सगळे टाळायचे. व्यास मोजायला अवघड, घेर मोजायला सोपा. टेपने छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा आणि त्याला साधारण चारने गुणा. आमच्या कडुनिंबाचा घेर १९० सेंटीमीटर भरला. म्हणजे व्यास साठ सेंटीमीटर आणि संरक्षित त्रिज्या सव्वासात मीटरच्या आसपास. आपल्या रस्त्यांवर एवढी जागा सोडणे शक्य नाही हे आम्हालाही कळते. पण आतले एक छोटे वर्तुळ आहे, व्यासाच्या साधारण तिप्पट, म्हणजे जवळपास खोडाच्या घेराइतके अंतर. त्याच्या आत जाड मूळ कापले की झाड उभे राहील याची खात्री कोणी देऊ नये. आमच्या झाडाचे ते अंतर दोन मीटरपेक्षा थोडे कमी होते. चर बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला होता.

कायदा आहे, पण तो खोडाकडे बघतो

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. या कायद्यातली झाड पाडण्याची व्याख्या फक्त कुऱ्हाडीपुरती नाही. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हेही तिच्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले, आणि झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. दंडही वाढून झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत गेला.

कागदावर हे चांगले आहे. पण वारसा वृक्ष हा दर्जा झाडाला कधी उपयोगी पडतो? कोणी परवानगीचा अर्ज घेऊन आला तर. गटाराच्या चरासाठी कोणी अर्जच करत नाही. मुळे कापणे म्हणजे इजा करणे, असा साधा अर्थ लावून गुन्हा नोंदवायला गेलो तर पहिला प्रश्न येतो : झाड तर उभे आहे ना? आणि पडल्यावर प्रश्न येतो : मूळ कोणी कापले याचा पुरावा काय? आमच्याकडे निदान सेल्फी होते.

काँक्रीटच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा एप्रिल २०१३ चा आदेश महत्त्वाचा आहे. दिल्लीतल्या प्रकरणात न्यायाधिकरणाने सांगितले की झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर परिघातले काँक्रीट काढा, पुढे घालू नका, झाडांवरचे फलक आणि तारा काढा. आदेश दिल्लीपुरता होता, पण देशभरातल्या कार्यकर्त्यांनी तो हातात घेतला आणि अनेक शहरांत बुंधे मोकळे करण्याच्या मोहिमा झाल्या. त्याचे मोल आहेच. आमची तक्रार एवढीच की एक मीटर हा किमान आकडा होता, तो आपल्याकडे कमाल होऊन बसला. तोही चौकोनी आळे करून, कडेला सिमेंटची भिंत घालून. ती भिंत घालण्यासाठी पुन्हा मुळे कापली जातात! ही थट्टा नाही, आम्ही पाहिलेले आहे.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताज परिसरातल्या संरक्षित क्षेत्रात ४५४ झाडे तोडणाऱ्याला झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला. आपल्या लोकांनी तो निकाल खूप शेअर केला. ती ४५४ झाडे मोजता आली कारण ती कापली गेली होती. फुटपाथखाली मुळे कापलेली झाडे कोणत्याच यादीत येत नाहीत. मुंबईची २०१८ ची वृक्षगणना पाहा, शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. याच मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे जवळपास सहा हजार कोटींचे काम सुरू झाले. रस्ता काँक्रीटचा होतो तेव्हा त्याच्या कडेची गटारे, केबलचे मार्ग, फुटपाथ हे सगळेच उकरले जाते. झाडांचा आकडा एका खात्याकडे, रस्त्यांचा दुसऱ्या खात्याकडे.

आम्हाला यातला खरा मुद्दा हाच वाटतो. कंत्राटदार दुष्ट असतो म्हणून मुळे कापली जात नाहीत. कामाचे अंदाजपत्रक उघडून बघा. त्यात खोदकाम घनमीटरवर, पेव्हर ब्लॉक चौरस मीटरवर, कर्बस्टोन रनिंग मीटरवर असतो. झाडाभोवती हाताने खणणे, मूळ चुकवून चर वळवणे, बुंध्याला कठडा करणे यासाठी बहुतेक वेळा ओळच नसते. मोकळी सोडलेली माती मोजमाप पुस्तिकेत चढत नाही, म्हणून तिचे पैसे मिळत नाहीत. जेवढे झाकाल तेवढे बिल. अशा व्यवस्थेत झाड वाचवणारा कंत्राटदार तोट्यात जातो. बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता उद्यान खात्याला विचारत नाही, कारण फाईलवर तो रकानाच नाही. उद्यान खात्याला कळते ते झाड पडल्यावर, उचलायला ट्रक पाठवायचा म्हणून. त्यात २०२२ पासून बराच काळ कित्येक महापालिकांवर प्रशासक होते. वृक्ष प्राधिकरणावर बसणारे नगरसेवकच नव्हते, मग प्रश्न विचारणार कोण?

आणि ज्यांच्या हातात पहार असते त्यांचे काय? कडुनिंब पडल्यानंतर आम्ही दुसऱ्या एका फुटपाथच्या कामावर जाऊन मजुरांशी बोललो. मुकादम परभणीकडचा, सोबत आलेली जोडपी मराठवाड्यातली, दोन घरांच्या भिंतींवर बाबासाहेबांचे फोटो. म्हणजे आपलेच लोक. एक बाई म्हणाली, "गावाकडं आम्ही झाडाच्या मुळाला धक्का लागू देत नाही. इथं साहेब म्हणतो सरळ रेषेत घ्या." शेतात राबलेल्या माणसाला मूळ कापण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याला थांबण्याचा अधिकार नसतो, इतकेच.

सावली कोणाची?

एक आक्षेप आमच्याच मित्रांनी घेतला : रोजगार, शिष्यवृत्ती, अत्याचार एवढे प्रश्न पडलेले असताना झाडांच्या मुळांत काय घुसता? आक्षेप खोटा नाही. झाडांचा विषय आपल्याकडे सोसायटीतल्या सुखवस्तू लोकांचा समजला जातो, आणि पर्यावरणाच्या नावाखाली झोपडपट्ट्या हटवण्याचे उद्योग झाले असल्यामुळे आपल्या वस्त्यांना या भाषेबद्दल संशय आहे. तो संशय असायलाच हवा.

पण मग दुपारी एक वाजता रस्त्यावर उभे राहून बघा, झाडाच्या सावलीत कोण आहे. गाडीत एसी असणारा नसतो. तिथे सफाई कामगार डबा उघडून बसलेले असतात, डिलिव्हरीची पोरे मोबाईल चार्जिंगची वाट बघत असतात, बसथांब्याला छप्पर नाही म्हणून घरकामाला जाणाऱ्या बायका असतात. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये आला, पण विक्रेत्याला उन्हात उभे राहायला लागले तर कायद्याने दिलेली जागा त्याच्या काय कामाची? आमच्या टपरीवाल्या काकांचा धंदा कडुनिंब पडल्यावर निम्म्यावर आला असे ते सांगतात. गिऱ्हाईक उन्हात चप्पल काढून थांबत नाही. त्यांनी आता ताडपत्री बांधली आहे आणि ती अतिक्रमण म्हणून दोनदा काढून नेली गेली. झाड होते तोवर सावलीला कोणी अतिक्रमण म्हणत नव्हते.

महाडला १९२७ मध्ये प्रश्न पाण्याचा होता आणि त्याहून मोठा प्रश्न होता सार्वजनिक वस्तू कोणाची हा. सावली ही रस्त्यावरची शेवटची फुकट सार्वजनिक वस्तू उरली आहे, ती कोणाच्या निर्णयाने जाते हे विचारणे आम्हाला त्याच रांगेतले वाटते. तुलना ताणत नाही, पण विसरतही नाही.

दुसऱ्या बाजूचाही हक्क आहे आणि तो झाडप्रेमी मंडळी पटकन विसरतात. फुटपाथ हवाच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर अडथळारहित रुंदी सांगितली आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला, काठी घेतलेल्या आजीला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला ती मिळालीच पाहिजे. मुळांनी उचललेल्या फरश्यांना अडखळून म्हातारी माणसे पडतात, हाड मोडते. म्हणून झाड की फुटपाथ असा प्रश्न मांडणाऱ्याला आधी विचारा की बाकीच्या रस्त्याची रुंदी कोणाला दिली आहे. पार्किंगची एक रांग अर्धा-एक मीटर मागे सरकवली की बहुतेक ठिकाणी झाडही राहते आणि १.८ मीटरही मिळतात. पुण्यातला जंगली महाराज रस्ता हे आपल्या जवळचे उदाहरण. तिथे जुनी झाडे तशीच ठेवून त्यांच्याभोवती रुंद पदपथ, बसायच्या जागा केल्या. रस्त्यावरची मोटारींची जागा कमी केली म्हणून ते जमले. त्या रस्त्यावर कोण राहते आणि आपल्या वस्तीच्या रस्त्यावर कोण राहते, हा फरक मात्र आहेच.

तंत्रेही काही परग्रहावरची नाहीत. मुळांच्या भागात जेसीबी न लावता हाताने खणायचे. केबल आणि पाइप मुळांच्या खालून आडवे भोक पाडून न्यायचे, मोबाईल कंपन्या रस्ता न फोडता केबल टाकतात तेच यंत्र. जमीन उकरून पाया करण्याऐवजी आहे त्या पातळीवर खडीचा थर देऊन वर पाणी झिरपणारे ब्लॉक बसवायचे, मात्र बुंध्याला भराव लावायचा नाही. मूळ फार वर आले असेल तर फुटपाथचा तेवढा तुकडा त्यावरून छोट्या पुलासारखा न्यायचा किंवा वळवायचा. एखादे बारीक मूळ कापावेच लागले तर जेसीबीच्या दातांनी ओढून नव्हे, करवतीने स्वच्छ कापायचे म्हणजे जखम भरते. फुटपाथ वळला तर काय बिघडते? सरळ रेषेचा हट्ट नकाशाचा असतो, चालणाऱ्याचा नसतो.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराची गोष्ट कार्यकर्त्यांनी वाचण्यासारखी आहे. २०१२ मध्ये तिथल्या नगर परिषदेने रस्ते-फुटपाथ दुरुस्तीचा पंचवीस वर्षांचा करार एका खासगी कंपनीशी केला. फुटपाथ उचलतात, कर्ब सरकवतात अशी कारणे देत रस्त्यांवरची निरोगी जुनी झाडे पाडणे सुरू झाले. २०१८ मध्ये थांबेपर्यंत पाच हजारांहून जास्त झाडे गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर पहाटे पाच वाजता पोलिसांना घेऊन लोकांना झोपेतून उठवून एका रस्त्यावरची झाडे कापली, विरोध करणाऱ्या निवृत्त वयाच्या दोन बायकांना अटक केली. झाड न पाडता फुटपाथ दुरुस्त करण्याचे चौदा पर्याय परिषदेच्याच कागदांत लिहिलेले होते, ते जवळपास वापरलेच गेले नाहीत. लोक झाडांखाली उभे राहिले, कोर्टकचेऱ्या सोसल्या. शेवटी स्वतंत्र चौकशी झाली, मार्च २०२३ मध्ये अहवाल आला आणि परिषदेला माफी मागावी लागली. तिथे झाड पाडून फुटपाथ केला, आपल्याकडे फुटपाथ करून झाड पाडतात. दोन्हीकडे गोम करारात आणि अंदाजपत्रकात होती.

आपल्या अंगणातले सिमेंट

आता आपल्याबद्दल. बोधगयेचा आजचा बोधिवृक्ष हा मूळ वृक्षाच्या परंपरेतला. १८७६ मध्ये जुना वृक्ष वादळात पडल्यावर कनिंगहॅम यांनी १८८१ च्या सुमारास नवा लावला. त्याची तपासणी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ करतात. त्यांच्या सल्ल्याने या वृक्षाच्या बुंध्याभोवतीचे सिमेंट काढून मुळांना मोकळी माती देण्यात आली, कारण सिमेंटमुळे मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोचत नव्हती. जगभरचे उपासक ज्या झाडापुढे वाकतात त्यालाही फरशीचा त्रास झाला. मग आपल्या विहारासमोरच्या पिंपळाला होणार नाही?

आणि आपण काय करतो? पिंपळाभोवती पार बांधतो, त्यावर चकचकीत ग्रॅनाइट लावतो, देणगीदारांच्या नावाची पाटी थेट खोडाला टेकवतो, वरून निळ्या-पंचरंगी दिव्यांच्या माळा खिळे ठोकून लावतो. आम्ही गेल्या वर्षभरात पाहिलेल्या विहारांत बुंध्याभोवती उघडी माती असलेला पिंपळ क्वचितच दिसला. श्रद्धेनेच गळा आवळलेला असतो. भिक्खूंच्या विनयात, पाचित्तियाच्या भूतगाम वर्गातला पहिलाच नियम वनस्पतीला इजा करण्याविरुद्धचा आहे. नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांसाठी नाही, हे खरे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचे सांगितले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. रस्ता आणि झाड हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत असे त्याला वाटलेले दिसत नाही.

जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण रोपे लावतो, फोटो टाकतो. लावावीत. पण चाळीस वर्षांच्या झाडाची मुळे शेजारी कापली जात असताना शंभर रोपे लावण्याचा कार्यक्रम करणे हा हिशेब जुळत नाही. रोपाला चाळीस वर्षे उभे राहायला लागतात आणि तोवर फुटपाथ किमान पाच वेळा उकरला जाईल. पेव्हर ब्लॉक तर इतक्या वेळा बदलतात की आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी त्याला 'चौथा ऋतू' असे नाव दिले आहे.

खोदकामाला आपला समाज हात घालत नाही असेही नाही. १ जुलै २०२४ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचे काम लोकांनी जमून थांबवले. स्तूपाला धोका होईल ही भीती होती आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. याच परिसरात भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणलेल्या बोधिवृक्षाचा वंश वाढतो आहे. जमिनीखाली काय चालले आहे हे विचारायची सवय आपल्याला तिथे लागली. तीच सवय आपल्या गल्लीत आणायची आहे. तिथे हजारोंचा जमाव लागणार नाही, सात-आठ जण आणि एक टेप पुरतो.

आम्ही सध्या काय करतो ते सांगतो, कोणाला उपयोगी पडले तर पडले. काम सुरू झाल्यावर धावण्यात अर्थ नाही, तोवर मुळे गेलेली असतात. म्हणून प्रभागात कोणत्या रस्त्याचे कार्यादेश निघाले हे दर महिन्याला विचारतो. माहिती अधिकाराचा अर्ज करताना फक्त कागद मागत नाही. या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये सुरू असलेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे, तो वापरतो. अंदाजपत्रकाची प्रत मागतो आणि त्यात झाडांसाठी एखादी ओळ आहे का ते शोधतो. नसेल तर ती घाला असे पत्र बांधकाम खाते आणि वृक्ष प्राधिकरण दोघांना देतो, पोच घेतो. मग रविवारी मुले प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर मोजतात, घेराइतक्या अंतरावर चुन्याने वर्तुळ आखतात, तारखेसह फोटो काढतात. तो फोटो पुढे पडझड झाली तर पुरावा होतो. मुकादमाला चहा पाजून ते वर्तुळ दाखवतो. आतापर्यंत तीन कामांत हे केले. एका ठिकाणी चर दीड मीटर सरकला. एका ठिकाणी चुना रातोरात पुसला गेला.

तिसरे काम आमच्या मागच्या गल्लीत आहे. तिथला पिंपळ आजोबांच्या पिढीने १९५६ नंतर कधीतरी लावला असे वस्तीतले जुने लोक सांगतात, म्हणजे नव्या कायद्याने तो वारसा वृक्ष ठरतो. घेर ३१० सेंटीमीटर. गटाराची आखणी त्याच्या बुंध्यापासून ऐंशी सेंटीमीटरवरून जाते. अभियंता साहेबांना दोनदा भेटलो, त्यांनी चर पलीकडच्या बाजूला घेऊ असे तोंडी सांगितले आहे. लेखी अजून मिळालेले नाही. सोमवारपासून जेसीबी कोपऱ्यावर येऊन उभा आहे. मुलांनी तिथे पाळ्या लावल्या आहेत, सकाळची पाळी टपरीवाल्या काकांनी मागून घेतली.